अकरा सेकंदांची मैत्री

२०१९च्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. आमचं गाव आरमोरीपासून जवळ, वैनगंगेच्या बाजूला. सकाळी दात घासत अंगणात उभा होतो, तर शेजारच्या कौलांवर एक वानरीण बसलेली दिसली आणि तिच्या कुशीत कुत्र्याचं पिल्लू. तपकिरी, डोळे नुकते उघडलेलं. एका हाताने तिने त्याला पोटाशी धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या अंगावरच्या पिसवा निवडत होती. मी तोंडातला फेस तसाच ठेवून मोबाईल काढला.

त्यातले अकरा सेकंद कापून, आवाज बंद करून, वर बासरीचा एक तुकडा टाकून मी रील केलं. कॅप्शन दिलं : ‘मैत्रीला जात नसते’. शेवटी लाल बदाम. आयुष्यात मी जे काही लिहिलं, बांधलं किंवा डिप्लॉय केलं त्या सगळ्याला मिळून जेवढी माणसं मिळाली नसतील, तेवढ्यांनी ते अकरा सेकंद पाहिले.

पुण्याला परतल्यावर आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “थे पिल्लू मेलं ना बाबू. तिसऱ्या दिवशी वरूनच पडलं.” मी “अरेरे” म्हणालो. खाली तेव्हा कमेंटी येत होत्या. कुणी लिहिलं होतं, माणसांनी यांच्याकडून शिकावं. मी पिल्लाचं काही लिहिलं नाही. लिहायला हवं होतं असं तेव्हा वाटलंही नाही, हे जास्त वाईट.

दोन वर्षांनी, डिसेंबर २०२१मध्ये, बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव एकाएकी जगभर गाजलं. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेतात आणि पिल्लं मरतात, अशी ती बातमी. पण बातमीला लागलेला शब्द होता ‘बदला’. कुत्र्यांनी वानराचं एक पिल्लू मारलं म्हणून वानरांनी अडीचशे कुत्री मारली, असा हिशोब देशोदेशीच्या स्क्रीनवर फिरला. मीम निघाले, ‘टोळीयुद्ध’ वगैरे झालं. वनखात्याने दोन वानरं पकडली, तर ‘आरोपी अटकेत’ असे मथळे आले. गावात प्रत्यक्ष जाऊन आलेल्या बातमीदारांचा मजकूर फार थंड होता : पिल्लं उंचावर नेली जात होती हे खरं, काही पडून आणि काही उपाशी मेली हेही खरं, पण अडीचशेचा आकडा आणि सूडाची गोष्ट यांना धड आधार नाही. थंड मजकूर कोण फॉरवर्ड करतो?

त्याच आठवड्यात कॉलेजच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. बासरीच्या जागी ढोल. वर लाल अक्षरांत ‘खुनी वानर, बीड’. कौलं मी ओळखली. ती आमच्या शेजारच्यांची होती.

तेच अकरा सेकंद, तीच वानरीण, तेच पिल्लू. एकदा मैत्री, एकदा खून. माझ्या नोकरीत मी व्हिडिओंना आपोआप लेबल लावणाऱ्या प्रणालीवर काम करतो, त्यामुळे एकाच नमुन्याला दोन माणसांनी दोन टोकांची लेबलं दिली की काय करायचं हा आमचा रोजचा प्रश्न आहे. नियम सोपा आहे : दोघांनाही विचारायचं, तुम्हाला नेमकं काय दिसलं? मला स्वतःला हा प्रश्न विचारायचा होता. तो मी पुस्तकांना विचारत बसलो, कारण आमच्या जिल्ह्यात प्राण्यांच्या मैत्रीचा विषय निघाला की पुस्तक आधीच तयार असतं.

ते पुस्तक म्हणजे डॉ. प्रकाश आमटे यांचं ‘रानमित्र’. समकालीन प्रकाशनाने काढलेलं. गडचिरोलीत ज्यांच्या घरी पुस्तकं असतात त्यांच्या घरी ‘प्रकाशवाटा’ असतं आणि बऱ्याचदा त्याच्या शेजारी ‘रानमित्र’. आमच्या शाळेची सहल हेमलकशाला गेली होती. एसटीत बसून बसून पाय सुजले, आलापल्लीनंतर नुसता सागवान, आणि शेवटी पांढरी बंडी आणि अर्ध्या चड्डीतले डॉक्टर बिबट्याच्या मानेला खाजवताना दिसले. बारा वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. पुढची अनेक वर्षं मला मैत्री म्हटलं की ते दृश्य आठवायचं.

पुस्तक पुन्हा वाचलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की त्यातला सगळ्यात मोठा प्रसंग बिबट्याचा नाहीच. तो एका मेलेल्या माकडिणीचा आहे. बाबा आमटेंनी २३ डिसेंबर १९७३ला भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्याच सुरुवातीच्या काळात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे जंगलात फिरायला गेले असताना शिकारीहून परतणारे माडिया त्यांना भेटले. बांबूला मेलेली माकडीण बांधलेली, आणि तिच्या छातीला चिकटून जिवंत पिल्लू दूध ओढायचा प्रयत्न करतंय. या पिल्लाचं काय करणार, असं विचारल्यावर उत्तर आलं : खाणार. डॉक्टरांनी तांदूळ आणि कपडे देऊन ते पिल्लू घेतलं. तीच बबली, हेमलकशाच्या अनाथालयातली पहिली रहिवासी. घरातल्या कुत्र्याशी तिची गट्टी जमली आणि कुत्रं-माकड एकत्र बघून माडियांनाही नवल वाटलं.

या प्रसंगात किती गोष्टी आहेत बघा. भूक आहे. मेलेली आई आहे. देवाणघेवाण आहे, आणि ती रोकडी आहे : तांदूळ द्या, पिल्लू घ्या. पुढेही माडिया लोक पिल्लं आणून देत राहिले आणि त्यांतूनच बिबटे, अस्वलं, हरणं, कोल्ही, साळिंदर, मगरी, साप असा गोतावळा जमला. माणसाला खायला मिळालं म्हणून माकड वाचलं आणि माकड लहान होतं म्हणून कुत्र्याने त्याला घरचं मानलं. मैत्री या साखळीच्या अगदी शेवटी येते. डॉक्टर हे सांगताना आवाज चढवत नाहीत. दवाखान्यात पेशंटची हकीकत सांगावी तसं सांगतात. शिकाऱ्यांना ते खलनायक करत नाहीत, आणि मला वाटतं हेच या पुस्तकाचं खरं मोठेपण. मुंबई-पुण्याच्या कितीतरी निसर्गलेखनात आदिवासी हा एकतर जंगलाचा पुजारी असतो नाहीतर चोरटा शिकारी. इथे तो उपाशी आहे, बस.

पण पुस्तकाचा दुसरा एक सूर आहे आणि तो मला आता खटकतो. प्राण्याला प्रेम द्या, तो प्रेमच परत देईल, हा. एखादा अपवाद येतो, ओरखडा येतो, चावा येतो, आणि लेखक मोठ्या मनाने म्हणतो की चूक माझीच होती. माणूस म्हणून हे मला आवडतं. वाचक म्हणून मी अडतो. प्रत्येक वेळी चूक माणसाचीच ठरवली की प्राण्याला स्वतःची मर्जी उरत नाही. तो आरसा होतो, आपण कसे आहोत हे दाखवणारा. बिबट्याला एखाद्या दुपारी मान खाजवून घ्यायची नसेल तर? ‘आज नको’ म्हणायची सोय ‘रानमित्र’ या शब्दात फारशी नाही. वन्य प्राण्यांशी इतकी अंगलट करणं प्राणिसंग्रहालयाच्या नियमांत बसत नाही, अशी चर्चा वर्तमानपत्रांतूनही झाली. तेव्हा आमच्या भागातली माणसं चिडली होती, मीही चिडलो होतो. नियमावरचा माझा राग आता बराच ओसरलाय. डॉक्टरांबद्दलचा आदर मात्र होता तिथेच आहे, या दोन गोष्टी एका डोक्यात राहू शकतात.

२०१४मध्ये समृद्धी पोरेंचा चित्रपट आला, नाना पाटेकर आमटेंच्या भूमिकेत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पडद्यावर पाळीव बिबट्या दिसला की तांदळाचं पोतं मागे पडतं, एवढंच. चित्रपटातून क्लिपा निघाल्या, क्लिपांतून रील, आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी गळत गेलं. शेवटी राहिला तो माणूस, बिबट्या आणि बासरी. माझ्या रीलमधली बासरी मी कुठून उचलली असेन हे मला आता कळतं.

तर मग वानरिणीने नेमकं काय केलं होतं? याचं बरंच चांगलं उत्तर वानरांवरच्या अभ्यासात मिळतं, आणि ते मैत्रीपेक्षाही मजेदार आहे. काळ्या तोंडाच्या वानरांत जन्मलेलं पिल्लू एकट्या आईकडे राहत नाही. टोळीतल्या इतर माद्या, विशेषतः ज्यांना अजून पोर झालेलं नाही अशा तरण्या, ते मागून घेतात, हिसकून घेतात, कडेवर घेऊन फिरतात, केस निवडतात. सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात अबूच्या पहाडावर वानरांचा वर्षानुवर्षं माग काढला, त्यात हे मावशीपण तपशिलात येतं. वानराचं पिल्लू जन्मल्यापासून घट्ट पकडून बसतं आणि रडलं की आई येऊन घेऊन जाते. सगळी व्यवस्था या दोन गोष्टींवर चालते.

कुत्र्याच्या पिल्लाला पकडता येत नाही. त्याच्या आईला कौलांवर चढता येत नाही. वानरिणीने आपल्या घरची रीत पाळली, फक्त पोर दुसऱ्या घरचं निघालं. यात सूड नाही. मग माया होती का? मला वाटतं होती, किंवा मायेच्या फार जवळचं काहीतरी होतं. प्राण्यांत भावना दिसल्या की लगेच ‘तुम्ही माणसाचं प्राण्यावर लादताय’ म्हणणाऱ्यांना फ्रान्स द वाल या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने चांगलं उत्तर दिलं होतं : माणसाशी साम्य दिसत असताना ते मुद्दाम नाकारणं, हाही एक आंधळेपणाच. ते मला पटतं. पण मायेने उचललेलं पिल्लू उपाशी मरू शकतं. माझ्या कॅप्शनमध्ये पहिलं वाक्य होतं, दुसरं नव्हतं. ‘खुनी वानर’वाल्याकडे दुसरं होतं, पहिलं नव्हतं.

शास्त्रज्ञ ‘मैत्री’ हा शब्द वापरतच नाहीत असं नाही. बार्बरा स्मट्स यांनी बबून माकडांवर १९८५ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच मैत्री आहे. फरक असा की त्यांनी आधी मोजलं : कोण कुणाजवळ बसतं, किती वेळ, कोण कुणाचे केस निवडतं, भांडणात कोण कुणाच्या बाजूने उभं राहतं. हे महिनोन्महिने. माझ्यातल्या इंजिनिअरला ही व्याख्या फार आवडते, कारण तिच्यात मैत्री म्हणजे एक फोटो नाही, एक लांबलचक लॉग फाईल आहे. या कसोटीवर ‘रानमित्र’ रीलपेक्षा कितीतरी वरचढ ठरतं. त्यात वर्षं आहेत. प्राणी येतो, वाढतो, आजारी पडतो, म्हातारा होतो, मरतो. विलास मनोहर यांचं ‘नेगल’ तर याच हेमलकशाच्या प्राण्यांवर ‘रानमित्र’च्या कितीतरी आधी आलेलं. ज्यांना फक्त बिबट्याचे फोटो माहीत आहेत त्यांनी ते शोधून वाचावं.

रशियातली एक गोष्ट अनेकांनी पाहिली असेल. २०१५च्या नोव्हेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या एका सफारी पार्कमध्ये अमूर नावाच्या वाघाला खाद्य म्हणून जिवंत बोकड सोडला. वाघाने तो खाल्ला नाही. बोकड त्याच्याच निवाऱ्यात झोपू लागला, दोघं बरोबर हिंडू लागले. बोकडाचं नाव पडलं तिमूर. कॅमेरे लागले, जग वेडं झालं. जानेवारीत तिमूरने कुरापती काढता काढता वाघाला तुडवलं, तेव्हा अमूरने त्याला मानगुटीला धरून उतारावरून फेकला. बोकड जगला पण पुरता सुधारला नाही, २०१९मध्ये मेला. वाघाचं पोट त्या काळात दुसऱ्या मांसाने भरत होतं, हे वाक्य बातमीत कुठेतरी खाली असायचं. ही गोष्ट वाचून मी खूश झालो होतो. माझा सिद्धांत तयार होता : दोन जातींच्या प्राण्यांची मैत्री म्हणजे कुंपण, भरलेलं पोट, लहानपणापासूनची सवय आणि खर्च करणारा माणूस. हे चार व्हेरिएबल काढून घ्या, मैत्री शून्य.

सिद्धांत गीरच्या जंगलात कोसळला. डिसेंबर २०१८च्या अखेरीस तिथे एक सिंहीण आपल्या दोन छाव्यांबरोबर बिबट्याचं साधारण दोन महिन्यांचं पिल्लू वाढवताना आढळली. सिंह आणि बिबट्या एरवी एकमेकांचे वैरी, सिंह संधी मिळाली की बिबट्या मारतो. हिने त्याला दूध पाजलं, शिकारीतला वाटा दिला. छावे त्याच्याशी खेळत. कुंपण नव्हतं, मध्ये माणूस नव्हता. स्तोत्र चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इकोस्फिअर’ या नियतकालिकात २०२०मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. सुमारे दीड महिन्यानंतर पिल्लू पाणवठ्याजवळ मेलेलं सापडलं. सिंहांनी मारलं नव्हतं, जन्मजात हर्निया होता. वाढवलं असतं तर पुढे काय झालं असतं, मोठा बिबट्या सिंहांच्या कळपात कसा राहिला असता, हे कधीच कळणार नाही. त्या लेखाची भाषा मला फार आवडली. ‘मैत्री’ म्हणायची घाई नाही, ‘चूक’ म्हणायचीही नाही. नुकतीच व्यालेली, दुधाने भरलेली मादी आणि छाव्यांसारखंच वागणारं, दूध मागणारं पिल्लू, एवढ्यावर जे घडू शकतं ते घडलं, असं तो सांगतो आणि थांबतो.

मराठीत असं थांबता येणारं पुस्तक कोणतं? माझ्या मते व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’. वानरांच्या टोळ्यांची ही छोटी कादंबरी, १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्यातल्या वानरांना नावं आहेत, पण ती ‘राजा’, ‘राणी’ अशी लाडाची नाहीत. ‘लालबुड्या’सारखी शरीरावरून पडलेली, गावात माणसांना पडतात तशी. नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या नराची पिल्लं मारली जातात. हे जपानी संशोधक युकिमारू सुगियामांनी १९६०च्या दशकात आपल्या धारवाडजवळ पाहिलं आणि पुढे हर्डींनी त्यामागचं गणित मांडलं. माडगूळकर हे रक्त लपवत नाहीत आणि त्याच्यावर रडतही नाहीत. कादंबरीतल्या वानरांना कुणी मित्र नाही आणि वाचकालाही ती मित्र मानायला सांगत नाही. तरी शेवटच्या पानावर आपण त्यांच्यात गुंतलेले असतो.

तक्रार एकच. नाव. ‘सत्तांतर’ म्हटल्याबरोबर गेली चाळीस वर्षं माणसं ती राजकारणाचं रूपक म्हणून वाचतायत. कोणतंही सरकार पडलं की कुणीतरी तिची आठवण काढतं. म्हणजे माडगूळकरांसारख्या संयमी लेखकालाही कॅप्शनचा मोह सुटला नाही. मग आमच्यासारख्या रीलवाल्यांचं काय घेऊन बसलात!

ताडोबात गाईड ज्या गोष्टीकडे बोट दाखवतात ती मात्र कुठल्याच कॅप्शनमध्ये मावत नाही. झाडावर वानरं आणि खाली चितळांचा कळप. वानरं खाताना खूप सांडतात, अर्धी पानं, फळं, फुलं खाली. चितळं ती खातात. वाघ-बिबट्या आला तर वरून वानराला लांबचं दिसतं, खालून चितळाला वास येतो, आणि एकाची हाक दुसरा ओळखतो. पॉल न्यूटन यांनी कान्हाच्या जंगलात हे नीट मोजलं, १९८९मध्ये छापलं, आणि शीर्षकातच प्रश्न ठेवला : हा निव्वळ योगायोग की दोघांच्या फायद्याची व्यवस्था? खाण्याचा फायदा बराचसा चितळांचाच दिसतो, आणि कळपाला कळप भेटतो तो चितळं वानरांमागे जातात म्हणून जास्त. इथे कुणी कुणाला मिठी मारत नाही. कुणी कुणाचे केस निवडत नाही. यावर रील केलं तर कोण बघेल? पण दोन जातींचं इतकं टिकाऊ नातं माझ्या जिल्ह्याच्या आसपास दुसरं नाही.

याला काय म्हणायचं हे मला आईने सांगितलं. म्हणजे ती वेगळंच सांगत होती. २०२२चा मोहाचा हंगाम. वडसा, ब्रह्मपुरी, भंडारा या भागात फिरणाऱ्या सीटी-१ नावाच्या वाघाने माणसं मारायला सुरुवात केली होती. ऑक्टोबरात वडशाच्या जंगलात त्याला पकडेपर्यंत त्याच्या नावावर तेरा माणसं होती. मी रोज फोनवर ओरडायचो, मोहफुलं वेचायला जाऊ नको. ती म्हणायची, “एकटी नाही जात गा. सोबत आहे ना.” सोबत कोण, तर शेजारची म्हातारी, जिच्याशी बांधावरून आईचं दहा वर्षं बोलणं नव्हतं. अजूनही नाही. दोघी एकाच झाडाखाली, एकमेकींकडे पाठ करून वेचायच्या. एकीचे कान एका बाजूला, दुसरीचे दुसऱ्या.

सोबत. मैत्री नसली तरी चालते, प्रेम सिद्ध करावं लागत नाही, आणि नसली तर जीव जाऊ शकतो. विलास मनोहरांच्या ‘नेगल’च्या दुसऱ्या भागाचं नाव ‘हेमलकशाचे सांगाती’ आहे. मित्र नव्हे, सांगाती. हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं आणि आईच्या त्या फोनपर्यंत त्याच्याकडे बघितलं नव्हतं. ‘रानमित्र’चं नावही तसंच काही असतं तर बिबट्याला ‘आज नको’ म्हणायला थोडी जागा मिळाली असती, असं मला वाटतं. अर्थात पुस्तक विकलं किती गेलं असतं हा प्रश्न प्रकाशकाला विचारावा.

ऑफिसात मी एकदा मीटिंगमध्ये सुचवलं की प्राण्यांच्या व्हिडिओंसाठी ‘अनोखी मैत्री’ हे लेबल आपण काढून टाकू, त्याऐवजी दिसतं ते लिहू : ‘एक प्राणी दुसऱ्या जातीचं पिल्लू धरून’. मॅनेजर भला माणूस आहे. त्याने विचारलं, यावर क्लिक कोण करेल? लेबल आहे तिथेच आहे. लवूळनंतर त्याच्या जोडीला ‘प्राण्यांची लढाई’ हेही आलं आणि तेही उत्तम चालतं.

गेल्या महिन्यात जुना फोन कपाटात सापडला. चार्ज केला. त्यात मूळ व्हिडिओ होता, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. मी तो कधी आवाजासकट पाहिलाच नव्हता. कुत्री खाली भुंकतेय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये एकदाही न थांबता. माझ्या अकरा सेकंदांत ती फ्रेमच्या खाली होती. पिल्लू दोनदा वानरिणीच्या छातीशी तोंड नेतं आणि काहीच मिळत नाही. मी “वा, वा” म्हणतोय. आणि मागे कुठूनतरी, बहुतेक चुलीपाशी बसलेल्या आईचा आवाज आहे, माझ्याशी नाही, वर बघून वानरिणीशी बोलणारा : “सोड वो माय त्याले. भुकेला असन थो.”